काळ्या दगडाच्या पोटातले स्फटिक: नेहमीचे कुठले, दुर्मीळ कुठले?

घराचा पाया, रस्त्याची खडी, शेताचा बांध, देवळाची पायरी, किल्ल्याचा तट. महाराष्ट्रात कुठेही जा, तोच काळा, जड दगड भेटतो. त्याचं शास्त्रीय नाव बेसॉल्ट. राज्याच्या सुमारे चार पंचमांश भागाखाली हाच खडक आहे, त्यामुळे त्याच्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही. पण याच दगडाच्या पोकळ्यांमधून निघालेले स्फटिक लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये जपून ठेवले आहेत. स्फटिक जमवणाऱ्यांच्या जगात पुणे, नाशिक, जळगाव ही नावं फार आदराने घेतली जातात. आपल्याकडे मात्र त्याच गावांत असे स्फटिक रोज क्रशरखाली जाऊन खडी होतात, कारण बघणाऱ्याला ते ओळखू येत नाहीत.

ते कसे ओळखायचे, हे या लेखात सांगतो. एक गोष्ट आधीच मांडतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. दुर्मीळ वस्तू थेट ओळखण्याची कुठलीही युक्ती नाही. नेहमीच्या वस्तू इतक्या ओळखीच्या व्हाव्या लागतात की वेगळं काही समोर आलं तर नजर आपोआप अडखळते. म्हणून निळ्या-हिरव्या दुर्मीळ स्फटिकांकडे जाण्याआधी साध्या पांढऱ्या स्फटिकांची ओळख करून घेऊ.

स्फटिक तिथे आले कसे?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या भूभागावर जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा वाहत बाहेर येत होता. एक थर निवायचा, त्यावर दुसरा यायचा. आज उरलेले हे थर जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. सह्याद्रीच्या कड्यांवर दुरून ज्या पायऱ्या दिसतात, त्या म्हणजे हे थर. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर पायथ्यापासून माथ्यापर्यंत अशा थरांचंच बनलेलं आहे.

लाव्ह्यात वायू विरघळलेले असतात. लाव्हा पृष्ठभागावर आला की त्यांचे बुडबुडे होतात आणि वर चढू लागतात. वरचा भाग आधी थिजतो, त्यामुळे बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून एका थराचा मधला भाग भरीव आणि वरचा भाग भोकाभोकांचा होतो. विहिरी खोदणारे अशा सच्छिद्र दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि पाणी लागण्याच्या दृष्टीने त्याच्याकडे बघतात. बांधकामवाल्याला तो नको असतो, त्याला भरीव काळा पाषाण हवा. ही भोकं मोहरीएवढी असतात, मुठीएवढी असतात आणि क्वचित माणूस आत बसेल एवढीही निघतात.

पुढचं काम पाण्याचं. थर एकमेकांवर साचत गेले, खालचे थर गरम राहिले आणि त्यांच्यातून कोमट ते कढत पाणी मुरत राहिलं. या पाण्याने बेसॉल्टमधलं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका थोडं थोडं विरघळवलं आणि पोकळीत नेऊन पुन्हा सोडलं. पोकळीत मोकळी जागा असते, म्हणून तिथे स्फटिकाला सरळ कडा आणि सपाट बाजू घेऊन वाढता येतं. घट्ट खडकात हेच खनिज वाढलं असतं तर त्याचा निराकार गठ्ठा झाला असता. हे सगळं एका दमात झालेलं नाही. पाणी पुन्हा पुन्हा आलं, दर वेळी त्याचं तापमान आणि त्यात विरघळलेला माल वेगळा होता. काही स्फटिक तर लाव्हा निवल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढलेले आहेत. त्यामुळे एकाच पोकळीत आतल्या भिंतीवर हिरवट मातकट पापुद्रा, त्यावर गुलाबी स्फटिक आणि त्यावर पारदर्शक स्फटिक अशी रचना दिसते. खालचा आधी आला, वरचा नंतर. पोकळी वाचायला शिकायचं म्हणजे हा क्रम लावायला शिकायचं.

नेहमीची मंडळी

या पोकळ्यांत सर्वांत जास्त आढळतो तो झिओलाइट नावाचा गट. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा जाळीदार सांगाडा आणि त्या जाळीतल्या वाटांमध्ये बसलेलं पाणी, अशी त्याची घडण असते. तापवलं की पाणी निघून जातं, पण सांगाडा बहुधा टिकतो. १७५६ मध्ये क्रॉन्स्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असं खनिज ज्योतीवर धरलं तेव्हा ते उकळल्यासारखं फेसाळलं. या जाळीमुळेच कारखान्यांत बनवलेले झिओलाइट कपड्याच्या साबणपावडरीत आणि तेलशुद्धीकरणात वापरतात. आपल्या खाणींतल्या स्फटिकांचं मोल मात्र वेगळं आहे, ते त्यांच्या रूपात आहे.

या गटातला पहिला ओळखीचा करून घ्यायचा तो स्टिलबाइट. पांढरा, मलईसारखा किंवा फिकट गुलाबी-केशरी. पात्यांसारखे अनेक स्फटिक मधोमध आवळले जातात आणि दोन्ही टोकांना पसरतात, अगदी बांधलेल्या पेंढीसारखे. एका दिशेने तो पापुद्र्यांत सुटतो आणि त्या बाजूवर मोत्यासारखी चमक असते. पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगर, कुठल्याही पट्ट्यात जा, हा भेटणारच. त्याचा भाऊ ह्यूलँडाइट. चमक तशीच, पण स्फटिक रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता, शवपेटीच्या आकाराचा. हे दोन डोळ्यांना सरावाचे झाले की अर्धं काम झालं.

मग सुयांची मंडळी. एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या पांढऱ्या, काचेसारख्या सुया दिसल्या तर ते स्कोलेसाइट, मेसोलाइट किंवा नॅट्रोलाइट असतं. या तिघांत फरक कॅल्शियम आणि सोडियमच्या प्रमाणाचा आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी क्ष-किरण चाचणी लागते. इथे तज्ज्ञही चकले आहेत. एकोणिसाव्या शतकात पुण्याजवळच्या अशाच सुयांना नवं खनिज समजून पुण्याचं नाव देण्यात आलं होतं. पुढे तपासणीत ते आधीच माहीत असलेलं मेसोलाइट निघालं.

झिओलाइट नसलेले नेहमीचे सोबती म्हणजे कॅल्साइट आणि क्वार्ट्झ. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. त्याची जांभळी जात ॲमेथिस्ट, आणि अतिसूक्ष्म कणांची, पट्टेदार जात अकीक. कॅल्साइट मऊ असतो आणि तुटला की त्याचे तिरप्या पेटीसारखे तुकडे पडतात. क्वार्ट्झ कठीण असतो आणि वेडावाकडा फुटतो.

एकच खनिज, साधंही आणि अनमोलही

अपोफिलाइट हे खनिज या विषयाचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. तो झिओलाइट नाही, पण नेहमी त्यांच्याच सोबत राहतो. त्याचे स्फटिक चौकोनी, कधी जवळपास घनाकृती, कधी टोकाशी पिरॅमिडसारखे. चौकोनी बाजूंवर बारीक उभ्या रेषा आणि काचेची चमक. वरची सपाट बाजू मात्र मोत्यासारखी झळकते. चमकेतला हा फरक एकदा पाहिला की अपोफिलाइट पुन्हा चुकत नाही.

बिनरंगी आणि पांढरा अपोफिलाइट भरपूर मिळतो. पण कधी कधी त्यात व्हॅनेडियम या धातूचा अत्यल्प अंश शिरतो आणि सबंध स्फटिक आतून हिरवा होतो, पारदर्शक राहूनच. पुण्याजवळच्या पाषाणच्या टेकड्यांतल्या खाणींनी असे हिरवे अपोफिलाइट दिले. जळगावकडूनही ते आले. २००१ च्या सुमारास नगर जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाडा इथे हिरव्या स्फटिकांचे वाटोळे गुच्छ मिळाले, प्रत्येक बाजूने लखलखणारे. संग्राहकांनी त्यांना ‘डिस्को बॉल’ म्हणायला सुरुवात केली, आणि आजही भारतीय खनिजांचं बोलणं निघालं की त्यांचा उल्लेख होतोच.

रासायनिकदृष्ट्या पांढरा आणि हिरवा यांत नगण्य फरक आहे. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. म्हणून ‘हे कुठलं खनिज?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. रंग किती खोल आहे, स्फटिक पारदर्शक आहे का, टोकं शाबूत आहेत का, कडांना टवके गेलेत का, स्फटिक आपल्या मूळ दगडावर बसलेला आहे की सुटा आहे, सोबत कोण आहे, हे सगळं मोजलं जातं. गुलाबी स्टिलबाइटच्या गादीवर एकच हिरवा, अभंग अपोफिलाइट बसला असेल, तर तो त्याच आकाराच्या सुट्या स्फटिकापेक्षा कितीतरी मोलाचा. टोक मोडलं की किंमत कोसळते. हे माहीत नसल्यामुळे हौशी माणूस सर्वांत मोठा स्फटिक पहारीने उचकटून घरी नेतो आणि ज्या दगडावर तो शोभत होता तो दगड तिथेच टाकून देतो. ही नासाडी पाहून फार वाईट वाटतं.

इथे हिरव्याचा एक धोका सांगायला हवा. पोकळीच्या भिंतीवर जो हिरवा मातकट थर असतो, तो सेलाडोनाइट. तो मऊ असतो आणि त्याला चमक नसते. अकीक किंवा ह्यूलँडाइटमध्ये मिसळला की त्यांनाही हिरवं करतो. दिसायला तो छान असतो, पण सर्वत्र मिळतो. हिरवा रंग स्फटिकाच्या अंगात एकसारखा आहे की आत अडकलेल्या कणांमुळे आहे, हे साध्या भिंगातून कळतं.

वाघोलीचा निळा

आता खऱ्या दुर्मिळाकडे. कॅव्हन्साइट हे खनिज शास्त्रीय जगासमोर रीतसर आलं ते १९७३ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या नमुन्यांवरून. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका ही त्याची घटकद्रव्यं, वर पाणी. ओरेगनचे नमुने बारीक होते. नंतर पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत तेच खनिज असं निघालं की जगभरचे संग्राहक थक्क झाले: पांढऱ्या-गुलाबी स्टिलबाइटवर बसलेले गडद, झगझगीत निळे गुच्छ आणि गोळे. निसर्गात असा निळा फार थोड्या खनिजांना लाभतो. आज जगात मोजक्याच ठिकाणी कॅव्हन्साइट मिळतं आणि उत्तम नमुना म्हटला की नाव वाघोलीचंच निघतं.

वाघोलीलाच का? बेसॉल्टमध्ये व्हॅनेडियम असतंच, दहा लाख भागांत काहीशे भाग. तेवढ्याने निळं खनिज तयार होत नाही. पाण्याने ते वेचून एका जागी साठवायला हवं, पाण्याची रासायनिक स्थिती व्हॅनेडियमला नेमक्या अवस्थेत ठेवणारी हवी, आणि वाढायला पोकळी हवी. वाघोलीत भरीव बेसॉल्टच्या सोबतीला तुकड्यातुकड्यांच्या, भेगाळ खडकाचा पट्टा आहे आणि निळे स्फटिक मुख्यतः त्यातच सापडतात. शेजारच्या भरीव खडकात वर्षानुवर्षं सुरुंग लावले तरी एक ठिपकाही मिळत नाही. दुर्मिळता अशीच तयार होते: घटक साधेच, पण सगळ्या अटी एका जागी जुळणं कठीण.

त्याच खाणीत कॅव्हन्साइटचं एक भावंडही मिळतं, पेंटागोनाइट. रासायनिक सूत्र अगदी तेच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. कॅव्हन्साइटचे गुच्छ गोलसर, दाट भरलेले. पेंटागोनाइट सडपातळ, टोकदार, काट्यांसारखा फुटलेला. त्याचे स्फटिक पाच-पाचच्या जोडणीने वाढतात, म्हणून आडव्या छेदात पाच टोकांचा तारा दिसतो. तो कॅव्हन्साइटपेक्षाही दुर्मीळ. दोन्ही निळेच, त्यामुळे खाणीवर दोन्ही एकाच टोपलीत पडायचे. वेगळं काढलं ते ज्याने शेकडो गोल गुच्छ हाताळले होते त्याने.

लपून बसणारे दुर्मीळ

निळा रंग निदान डोळ्यांत भरतो. पोवेलाइटचं तसं नाही. नाशिकजवळ पांडवलेणीच्या टेकडीच्या परिसरातून त्याचे सुरेख स्फटिक आलेले आहेत. रंग पिवळसर, मधासारखा किंवा बिनरंगी. बघणारा सहज कॅल्साइट समजून सोडून देईल. पण त्यात मॉलिब्डेनम हा जड धातू असतो. तुकडा हातात घेतला की आकाराच्या मानाने वजन जास्त जाणवतं, कारण तो पाण्याच्या सव्वाचार पट जड आहे आणि कॅल्साइट जेमतेम पावणेतीन पट. चमकही हिऱ्याकडे झुकणारी. आणि कमी तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली तो ठळक पिवळा उजळतो. नोटा तपासायचे स्वस्त दिवे बहुतेक जास्त तरंगलांबीचे असतात, त्यांच्यावर अवलंबून राहू नये. कमी तरंगलांबीचा दिवा वापरताना डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

मुंबईची आठवण इथे यायला हवी. मालाड-कांदिवलीच्या खाणींतून फिकट हिरव्या, द्राक्षांसारख्या घोसांचा प्रेहनाइट निघायचा, लवदार पांढरे ओकेनाइटचे गोळेही मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातून आले. आज त्या खाणींच्या भागात इमारती उभ्या आहेत. जे त्या काळात वाचवलं तेवढंच उरलं. वाघोलीवरही पुणे शहर चालून आलेलं आहे, आणि म्हणून मला हे सगळं आत्ताच सांगावंसं वाटतं.

घरच्या घरी तपासणी

कठीणपणाची तपासणी सर्वांत उपयोगी. चाकूने क्वार्ट्झवर ओरखडा उठत नाही. अपोफिलाइटवर थोडा जोर लावला की उठतो, स्टिलबाइट आणि कॅल्साइटवर सहज उठतो. ओरखडा नेहमी मागच्या किंवा आधीच तुटलेल्या बाजूवर काढायचा, दर्शनी बाजूला हातही लावायचा नाही. कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो, क्वार्ट्झवर येत नाही. लिंबाचा रसही चालतो, पण फेस बारीक असतो, भिंगातून पाहावा लागतो. आम्ल मात्र एखाद्या फुटक्या कणावरच टाकावं, कारण झिओलाइटवर त्याचा वाईट परिणाम होतो.

बाजारात घेणार असाल तर आणखी दोन गोष्टी. जांभळे, भडक हिरवे, भडक निळे ओकेनाइटचे गोळे दिसले तर ते रंगवलेले आहेत. ओकेनाइट पांढराच असतो. आणि स्टिलबाइटवर कॅव्हन्साइटचा गुच्छ चिकटवून विकण्याचे प्रकार होतात. गुच्छाच्या बुडाशी भिंग धरा. खरा गुच्छ खालच्या स्फटिकांमध्ये रुतलेला, गुंतलेला असतो. चिकटवलेल्याच्या भोवती डिंकाची पारदर्शक कड किंवा दगडाची भुकटी पेरलेली दिसते. अतिनील प्रकाशात डिंक बऱ्याचदा फिकट निळा चमकतो.

गाव, खाण, तारीख

भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. त्याच्या पंचवीस बोगद्यांच्या खोदकामात असंख्य पोकळ्या फुटल्या आणि त्यातले स्फटिक युरोपात गेले. जुन्या संग्रहांतले कित्येक भारतीय नमुने ‘पूना’ किंवा ‘सह्याद्री, मुंबई’ एवढ्याच पत्त्यावर पडून आहेत. कुठल्या थरातले, कुठल्या उंचीवरचे, हे आता कधीच कळणार नाही. अभ्यासकासाठी असा नमुना निम्मा मुका झाला. संग्राहकही जागेची नोंद नसलेल्या नमुन्याला कमी किंमत देतात, कारण तेच खनिज कुठून आलं यावर त्याची दुर्मिळता ठरते.

ही नोंद खाणीवर हजर असलेला माणूसच करू शकतो. सुरुंग लावणारा, पोकलेन चालवणारा, विहीर खोदणारा. ॲरिझोनातल्या टूसॉनच्या किंवा म्युनिकच्या खनिजबाजारात भारतीय नमुना ज्या भावाने विकला जातो, त्यातला फारच थोडा वाटा या माणसापर्यंत येतो. त्याला नाव, जागा आणि नमुन्याचा दर्जा या तीन गोष्टी कळल्या तर त्याच्या हातात भाव करण्याची ताकद येते. नजर तयार करायला सिन्नरचं गारगोटी संग्रहालय उत्तम जागा आहे. के. सी. पांडे यांनी उभारलेल्या या संग्रहालयात नेहमीचे आणि दुर्मीळ स्फटिक एकाच छताखाली पाहता येतात. स्टिलबाइटच्या कपाटासमोर जास्त वेळ उभं राहावं, निळ्याकडे मग जावं.

स्वतः शोधायला निघणाऱ्यांनी चालू खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवू नये. सुटलेला कडा आणि न उडालेला सुरुंग जीव घेतो. लेण्यांच्या भिंतींतही स्फटिक दिसतात. ती संरक्षित स्मारकं आहेत, तिथे फक्त बघायचं.

तुमच्या शेतात विहीर खणताना चकाकणारी पोकळी उघडलीच, तर पहार थांबवा आणि आधी फोटो काढा. स्फटिक सुटे उपटू नका, भोवतीच्या दगडासकट मोठा तुकडा सोडवा. ब्रशने आणि साध्या पाण्याने हलकेच धुवा, पण सुया किंवा लव असलेल्या नमुन्याला पाणी लावू नका, ओली लव चिकटून बसते ती पुन्हा उठत नाही. सावलीत वाळवा. लॉमॉन्टाइट नावाचा पांढरा झिओलाइट असेल तर तो नुसत्या हवेतही पाणी सोडून भुगा होतो, त्याला बंद डबीत ठेवा. बाकीचे मऊ कागदात गुंडाळा आणि प्रत्येकासोबत एक चिठ्ठी घाला: गाव, तालुका, गट क्रमांक, किती फुटांवर सापडला, दगड भरीव होता की मांजऱ्या, तारीख. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने फुटते.